राखून ठेवलेल्या चार पिशव्या

कोलकात्यात उन्हाळा लागला की रक्त कमी पडतं, हे मला इथे आले त्या पहिल्याच वर्षी कळलं. परीक्षा, सुट्ट्या, उकाडा, मधूनच निवडणुका. शिबिरं होत नाहीत आणि फ्रीजमधले कप्पे मोकळे दिसू लागतात. मी रक्तपेढीतली डॉक्टर. दक्षिण कोलकात्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर आमची रक्तपेढी आहे आणि तिथे मला चौदा वर्षं झाली. नवऱ्याची बँकेतून तीन वर्षांसाठी इथे बदली झाली म्हणून आम्ही पुण्याहून आलो होतो. पुढे त्यांच्या दोन बदल्या झाल्या, ते फिरून परत इथेच आले. मी आणि मुलगी बालीगंजच्या भाड्याच्या फ्लॅटमधून हललोच नाही.

इथे रक्त येतं ते गल्लीगल्लीतल्या क्लबांकडून. रविवारी सकाळी कुठल्यातरी पटांगणात मांडव घालतात, लाउडस्पीकरवर गाणी लागतात, आम्ही आमच्या खाटा आणि पिशव्या घेऊन पोचतो. रक्त देणाऱ्याला केळं, उकडलेलं अंडं, छेन्याची मिठाई म्हणजे एक संदेश, आणि भेट म्हणून छत्री नाहीतर भिंतीवरचं घड्याळ मिळतं. छत्रीसाठी रक्त देणारेही मी पाहिलेत. माझी त्याला हरकत नव्हती.

दिदिमणींना मी पहिल्यांदा पाहिलं ते अशाच एका शिबिरात. शाळेतल्या बाईंना इथे दिदिमणी म्हणतात. बालीगंजहून लोकलने अर्ध्या तासावर असलेल्या एका गावातल्या मुलींच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या आणि दर वर्षी शाळेच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर भरवायच्या. त्यांच्या शिबिरात लाउडस्पीकर नसायचा आणि भेटवस्तूही नसायची. मुलींच्या आईवडिलांना त्या आठवडाभर आधी चिठ्ठ्या पाठवायच्या आणि त्या दिवशी दाराशी खुर्ची टाकून बसायच्या. कोण आलं, कोण नाही, हे त्यांच्या लक्षात राहायचं. एक बाप उपाशीपोटी आला तर त्याला माझ्यादेखत त्यांनी परत पाठवलं. म्हणाल्या, "भात खाऊन ये. मी कुठे जात नाही."

त्या निवृत्त झाल्या आणि तीनेक वर्षांनी आमच्याकडे आल्या त्या रुग्ण म्हणून. हाडांच्या आतल्या मगजात रक्त तयार होतं. त्यांच्यात ते नीट तयार होईनासं झालं होतं. बरा होणारा आजार नव्हता तो, त्या वयात तर नाहीच. दर तीन आठवड्यांनी यायचं, दोन पिशव्या रक्त चढवून घ्यायचं, पुढचे पंधरा दिवस बरे जायचे, मग हळूहळू दम लागायला सुरुवात. त्यांनी लग्न केलं नव्हतं. पोस्टातून निवृत्त झालेले धाकटे भाऊ त्यांच्याबरोबर राहायचे, तेही एकटेच. दोघं लोकलने यायचे, पिशवी लागली की भाऊ कॉरिडॉरमध्ये पेपर वाचत बसायचे. दिदिमणी मला "डॉक्टर" म्हणायच्या, पण दुसऱ्या भेटीपासूनच अगं-तुगं करत, जशी मी त्यांच्या वर्गातली असेन. माझं बंगाली त्या सुधारायच्या. घरी मुलीचं मराठी मी सुधारायची, इथे माझी पाळी.

लॉकडाऊन लागला त्या आठवड्यात आमची पाच शिबिरं ठरलेली होती. पाचही रद्द झाली. त्यानंतरचीही. कोणी कोणाला दोष देण्यासारखं काही नव्हतं, पन्नास माणसं एका मांडवात बोलावणार कशी? पण रक्त काही साठवून वर्षभर पुरवता येत नाही. लाल पेशींची पिशवी महिना-सव्वा महिना टिकते, मग टाकून द्यावी लागते. आमच्याकडे होता तो साठा दहा दिवसांत निम्म्यावर आला. सर्वांत आधी बी पॉझिटिव्ह संपत आलं. लोकांना वाटतं, दुर्मिळ गटाची चणचण होते. इकडे बी पॉझिटिव्हवाले भरपूर, म्हणून ते रक्त लागणारेही भरपूर.

मी फोन करायला बसले. नेहमीच्या क्लबांच्या सेक्रेटरींना, कॉलेजांच्या प्राध्यापकांना. मग आमच्या इमारतीत सगळ्यांना निरोप पाठवला की एकेकाने वेळ ठरवून या, मी स्वतः काळजी घेईन. सहा मजल्यांमधून दोघे आले. बाकीच्यांपैकी कोणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की डॉक्टरबाईंनी लिफ्ट वापरू नये. मराठी मंडळींच्या ग्रुपवरही विचारलं. गणपतीला सगळे एकत्र येतो, एकमेकांकडे पुरणपोळ्या जातात. दोन बँकवाले आणि एक आयटीतला मुलगा आला. एका मैत्रिणीने फोन केला आणि फार अवघडून म्हणाली, "वहिनी, राग मानू नका. तुम्ही रोज तिथे जाता. आता काही दिवस आमच्याकडे येऊ नका." मी म्हटलं, "नाही येत." मला रागही आला नाही. माझं स्वतःचं रक्त मी मार्चमध्येच दिलं होतं, बायकांना चार महिने परत देता येत नाही. नवऱ्याने दिलं. मग घरातलं संपलं.

शेवटी मी एक नियमपत्रक लिहिलं. मोठ्या डॉक्टरांची मंजुरी घेतली, पण लिहिलं मीच, आणि खरं सांगायचं तर लिहिताना मला बरं वाटत होतं. काहीतरी हाताशी आलं होतं. थांबवता येतील ती ऑपरेशनं थांबवा. तपासणीसाठी मोठ्यांचंही रक्त लहान मुलांच्या नळ्यांत घ्या, रोज उगीच सुई टोचू नका. दोन पिशव्यांऐवजी एक द्या, मग बघा. लोहाचं इंजेक्शन देऊन भागत असेल तर ते द्या. हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्याशिवाय पिशवी मागू नका, आणि मागायच्या आधी मला फोन करा. आणि सगळ्यांत शेवटी: बी पॉझिटिव्हच्या चार पिशव्या कायम राखून ठेवायच्या. अचानक बाळंतिणीला रक्तस्राव झाला, अपघात आला, तर त्यासाठी. त्यांना माझ्या सहीशिवाय हात लावायचा नाही.

आमचे जुने तंत्रज्ञ, ज्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांनी ते पत्रक फ्रीजच्या दारावर चिकटवलं. बस बंद होत्या तेव्हा ते बागबाजारहून सायकलने यायचे, सगळं शहर ओलांडून. पत्रक वाचून म्हणाले, "मॅडम, कागद चांगला आहे. पण वॉर्डातले डॉक्टर तुमच्याशी भांडणार."

भांडले. पण ऐकलं. मी दिवसभर फोनवर असायची. "सात पॉइंट एक आहे? बसून आहे ना पेशंट? जेवतोय? मग एक दिवस थांबा." असं किती जणांना म्हटलं असेन. माझ्यासमोर माणूस नसायचा, आकडा असायचा. आणि नियम लागू पडला. एप्रिलअखेर बाकीच्या रक्तपेढ्यांत ठणठणाट असताना आमच्या कप्प्यात काहीतरी दिसायचं. एका बाळंतिणीला तीन पिशव्या लागल्या, आम्ही पाच मिनिटांत दिल्या. ती वाचली. त्या दिवशी मी घरी जाऊन गाढ झोपले.

दिदिमणी एप्रिलच्या सुरुवातीला आल्या तेव्हा लोकल बंद होती. भावाने पोलिसांकडून पास मिळवून ओळखीचा एक रिक्षावाला आणला होता. त्यांचाही गट बी पॉझिटिव्ह. हिमोग्लोबिन सात पॉइंट सहा होतं. आधीच्या दिवसांत आम्ही आठ-साडेआठलाच त्यांना दोन पिशव्या द्यायचो. मी स्वतः बाहेर जाऊन त्यांना समजावलं. त्या बाकावर बसल्या होत्या, मास्क नाकाच्या खाली घसरलेला, तो वर करून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारले. आठवड्याला किती पिशव्या येतात? किती जातात? बाळंतपणं किती होतात? मी सांगत गेले. शेवटी म्हणाल्या, "बरोबर आहे. पाणी कमी असलं की आधी तळ्यातून पाणी सोडायचा दरवाजा बंद करतात. मी थांबते."

पंधरा दिवसांनी सहा पॉइंट नऊवर आल्या. एक पिशवी दिली. एका पिशवीने त्यांचं कितीसं भागणार, हे मला ठाऊक होतं.

मे महिन्यात साठा आणखी खाली गेला आणि मी सातचं साडेसहा केलं. ज्यांना छातीत दुखतं, उभं राहिलं की चक्कर येते, बसल्या जागी धाप लागते, त्यांना सूट. बाकीच्यांनी साडेसहाच्या खाली गेल्यावर यायचं. तो आकडा काही मी हवेतून काढला नव्हता. वाचलं होतं, दोन वरिष्ठांशी बोलले होते. पण खुर्चीत बसून एक आकडा खोडून दुसरा लिहायला मला मिनिटही लागलं नव्हतं, हेही खरं.

चक्रीवादळाच्या दोन दिवस आधी, सोमवारी सकाळी, दिदिमणी आल्या. वादळ बंगालच्या किनाऱ्यावर येणार हे सगळीकडे सांगत होते. हॉस्पिटलमध्ये जनरेटरचं डिझेल भरून ठेवायची धावपळ चालू होती. त्यांचं हिमोग्लोबिन सहा पॉइंट सात आलं.

मी बाहेर गेले. फाटकापासून आमच्या दारापर्यंत सात पायऱ्या आहेत. दिदिमणी शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या, कठड्याला धरून. भाऊ जरा लांब, रिक्षावाल्याशी बोलत होते. मला बघून त्या हसल्या. चेहरा कागदासारखा झाला होता, पण तो तर वर्षभर तसाच होता.

"दिदिमणी, धाप लागते का?"

"नाही."

"चक्कर? छातीत भरून येतं?"

"भालो आछि," म्हणाल्या. बरी आहे मी.

"मग इथे पायरीवर का बसलात?"

"बाकावर ऊन आहे." बाकावर खरंच ऊन होतं. मग त्यांनीच विचारलं, "डॉक्टर, आज किती आहेत?"

मी खोटं बोलायला हवं होतं की काय, मला अजून ठरवता येत नाही. म्हटलं, "चार."

"राखीव?"

"हो."

"मग असू दे त्या. वादळात कुणी अडकेल, कुणाचं बाळंतपण निघेल. माझं काय, मी पुढच्या आठवड्यात येते."

मी आत आले. दादा नमुन्याची नळी हातात घेऊन उभे होते. राखीव पिशवीशी त्यांनी जुळणी करून ठेवलेली होती, न सांगता. "मॅडम, एक देऊन टाकू या," ते म्हणाले. "तीन राहतील."

"आकडा साडेसहाच्या वर आहे. आणि त्रास नाही म्हणतायत."

"त्या म्हणणारच नाहीत."

दादांचं बरोबर होतं आणि मला ते कळत होतं. ज्या बाईने तीस वर्षं दुसऱ्यांसाठी रक्त गोळा केलं, तिला मी विचारत होते की तुला धाप लागते का, आणि वर सांगत होते की चारच उरल्यात. याला एकच उत्तर येणार होतं. पण सकाळपासून तीन वॉर्डांना मी नाही म्हटलं होतं. एकाला नियम आणि ओळखीच्या माणसाला वेगळं, हे मला करायचं नव्हतं. मी न्यायाने वागत होते, असं मला तेव्हा वाटत होतं. कागदावर लिहिलं, लक्षणं नाहीत, आठ दिवसांनी तपासणी. आणि दिदिमणींच्या हातात माझा नंबर दिला, जो त्यांच्याकडे होताच. "थोडा जरी त्रास झाला तरी फोन करा. लगेच."

भावाच्या खांद्याला धरून त्या रिक्षापर्यंत गेल्या. मध्ये एकदा थांबल्या. मी दारातून बघत होते.

बुधवारी वादळ आलं. आम्ही घरात खिडक्यांना टेबलं लावून बसलो होतो. सकाळी बाहेर बघितलं तर आमच्या रस्त्यावरची तीन मोठी झाडं आडवी पडली होती, त्यांच्याखाली गाड्या, तारा, दुकानांच्या पाट्या. वीज गेली ती कित्येक ठिकाणी आठवडाभर आली नाही. पाणी नव्हतं. फोन लागत नव्हते. मी हॉस्पिटलला चालत गेले, झाडांच्या फांद्यांवरून चढत. जनरेटरवर फ्रीज चालू होता. दादा आदल्या दिवसापासून तिथेच होते.

आणि मग कोणी आलंच नाही. हे मला सांगायचं आहे. आम्ही बाळंतिणींची, जखमींची वाट बघत होतो, पण रस्तेच बंद होते. ॲम्ब्युलन्स निघू शकत नव्हत्या. जे अडकले ते जिथे होते तिथेच अडकले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, त्या चार पिशव्या कप्प्यात पडून होत्या. रोज सकाळी मी दार उघडून तापमान बघायची, पिशव्या मोजायची आणि दार लावायची.

शुक्रवारपासून मी दिदिमणींना फोन लावत होते. लागत नव्हता. त्यांच्या गावाकडे वादळाचा जोर जास्त होता, टॉवर पडले होते. नवरा म्हणाला, "तू तरी काय करणार? तिकडे जायला रस्ता नाही." ते मला समजावत होते. मला त्यांचा आवाज नको झाला होता.

मंगळवारी सकाळी भाऊ त्यांना घेऊन आले. भाजीच्या टेम्पोतून. नंतर कळलं की शुक्रवारीच त्यांना झोपून श्वास घेता येईना, त्या उशीला टेकून बसून राहिल्या. भाऊ रोज मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जायचे, कुणी येतं का बघायला, आणि परत यायचे. फोनला रेंज मिळावी म्हणून शेजारच्या गच्चीवर जाऊन उभे राहायचे.

फाटकावर त्यांना थांबवलं. त्या दिवसांत ज्याला धाप लागली असेल त्याची आधी कोविडची तपासणी व्हायची, आणि रिपोर्ट येईपर्यंत वेगळ्या वॉर्डात ठेवायचे. मी खाली धावले. सुरक्षारक्षकाला, मग वॉर्डातल्या तरुण डॉक्टरला सांगत होते की हा त्यांचा जुना आजार आहे, मी ओळखते त्यांना, त्यांना रक्त कमी पडलंय. तो म्हणाला, "मॅडम, असेलही. पण मला नियम मोडता येत नाही." मी त्याला काय म्हणणार होते?

हिमोग्लोबिन पाच पॉइंट दोन होतं. हृदय थकून गेलं होतं, फुप्फुसांत पाणी भरायला लागलं होतं. अशा वेळी रक्त भराभर चढवताही येत नाही. ज्या हृदयाला रक्त हवं असतं त्यालाच त्याचं ओझं झेपत नाही. मी दोन पिशव्यांवर सही केली. दादांनी पहिली स्वतः नेऊन दिली, वॉर्डाच्या दारापर्यंत. आत पीपीई घातलेल्या नर्सने ती लावली. थेंब थेंब, चार तास. मी काचेतून बघितलं. दिदिमणी डोळे मिटून बसल्या होत्या, तीन उशा पाठीला. नर्सने त्यांना माझ्याकडे खूण करून दाखवलं. त्यांनी डोळे उघडले, पण मी कोण ते त्यांना ओळखू आलं असं मला वाटत नाही. माझ्याही तोंडावर मास्क आणि वर काच होती.

दुसरी पिशवी बुधवारी सकाळी लावली. ती अर्धी झाली असताना अकराच्या सुमारास त्या गेल्या. उरलेली पिशवी परत वापरता येत नाही. ती आमच्याकडे आली आणि दादांनी नष्ट करायच्या पिशव्यांत टाकली. वहीत नोंद करावी लागते, ती त्यांनीच केली. मी करू शकले नाही. संध्याकाळी कोविडचा रिपोर्ट आला. निगेटिव्ह.

मला कोणी काही विचारलं नाही. पुढच्या महिन्यात ऑनलाइन बैठक झाली, त्यात आमच्या नियमपत्रकाचं कौतुक झालं. रक्ताचा वापर किती घटला याचा तक्ता मीच दाखवला. साडेसहाच्या नियमामुळे कोणाचं नुकसान झालं का, असं कोणीतरी विचारलं. मी म्हटलं की एका रुग्णाच्या बाबतीत वादळामुळे उशीर झाला. हे वाक्य मी बोलले. कोणी पुढे विचारलं नाही, आणि वेळ संपत आली होती.

दिदिमणींचे भाऊ दुर्गापूजेच्या आधी, सप्टेंबरच्या शेवटी आले. लोकल तेव्हाही सुरू झाली नव्हती. दोन बस बदलून आले होते. आजारपणाची कागदपत्रं कशासाठी तरी हवी होती. मी ती काढून दिली. ते माझ्यासमोर खुर्चीवर बसले होते, पाकीट मांडीवर ठेवून. बरेच वाळले होते. मी चहा मागवला, त्यांनी मास्क काढून घोट घेतला आणि परत लावला.

"एक विचारू?" ते म्हणाले. "वादळाच्या आधी आलो होतो, सोमवारी. ती म्हणाली, आज रक्त शिल्लक नाही. रिक्षात बसल्या बसल्या म्हणाली. मला जरा ते लागून राहिलंय. वाटतं, दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये विचारायला हवं होतं. मी तसाच घरी घेऊन गेलो तिला. माझी चूक झाली का?"

 दिदिमणींनी त्यांना हे सांगितलं असेल, अशी मला कल्पनाही नव्हती. भाऊ माझ्याशी भांडले असते, हट्टाने एक पिशवी मागितली असती, म्हणून त्या तसं बोलल्या. भावाने रागवू नये, माझी अडचण होऊ नये. आणि तो माणूस चार महिने स्वतःला दोष देत होता.

मला वाटलं, हे तरी याच्या डोक्यावरून उतरवावं. म्हणून मी सांगितलं. "तुमची चूक नव्हती. रक्त होतं. चार पिशव्या होत्या. मी दिल्या नाहीत."

त्यांना कळायला वेळ लागला. "होत्या?"

"राखीव होत्या. अचानक लागल्या तर म्हणून."

"मग लागल्या का कुणाला?"

मी म्हटलं, "नाही. त्या आठवड्यात कोणी येऊ शकलं नाही. त्यातल्याच दोन त्यांना दिल्या."

 पाकिटातले कागद त्यांनी एकदा बाहेर काढले, परत आत घातले. मी काहीतरी बोलत गेले, की तेव्हा दिल्या असत्या तरी किती दिवस गेले असते सांगता येत नाही, आजार वाढलाच होता, आणि त्यांनी स्वतःच मला... इथे मी थांबले. ते वाक्य पुरं करायची मला लाज वाटली.

"ती तुमचं फार कौतुक करायची," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. बंगालीत ते मला नेहमी जवळिकीचं तुमि म्हणायचे, त्या दिवशी परक्याला म्हणतात तसं आपनि म्हणाले. मग उठले, नमस्कार केला आणि गेले. चहा तसाच होता.

दादा बाहेर ऐकत होते. ते आत आले आणि म्हणाले, "कशाला सांगितलंत?"

"त्यांना वाटत होतं त्यांची चूक आहे."

"चूक वाटत होती, पण बहिणीला रक्त मिळालं नाही याचं कारण तरी होतं त्यांच्याकडे. आता काय आहे?"

 मी त्यांच्यासाठी सांगितलं की माझ्यासाठी, हे मला तेव्हाही नीट माहीत नव्हतं. ओझं त्यांचं कमी झालं नाही. माझंही नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. तेव्हा लस घेतलेल्यांना काही आठवडे रक्त देता येत नव्हतं, म्हणजे जे द्यायला तयार होते तेही गेले. मी परत फोनवर बसले. परत आकडे. आता मी पायरीवर बसलेल्या माणसाला प्रश्न विचारून थांबत नाही, कॉरिडॉरमध्ये चालायला लावते आणि स्वतः बरोबर चालते. पण चालून दाखवणारे चालून दाखवतातच. पिशव्या तितक्याच असतात. त्या वर्षी मी ज्यांना थांबायला सांगितलं त्यांतले काही परत आले नाहीत. ते का आले नाहीत, याचा शोध मी घेतला नाही. एकदा घेतला होता, दिदिमणींचा.

दिदिमणींच्या भावांना मी त्या वर्षी पूजेच्या दिवसांत फोन केला. त्यांनी उचलला. मी नाव सांगितलं. पलीकडे ढाकाचा, पूजेत वाजवतात त्या ढोलाचा, आवाज येत होता, जवळच मांडव असावा. "हो, ठीक आहे," ते म्हणाले. मी विचारलं, तब्येत कशी आहे, जेवणाचं काय करता. "चाललंय." मग थोडा वेळ आम्ही दोघेही ढाक ऐकत राहिलो. "ठेवतो मग," म्हणाले.

त्यानंतर मी फोन केलेला नाही. दिदिमणींच्या शाळेतलं शिबिर बंद पडलं, नव्या मुख्याध्यापिकेला त्यात रस नाही. तिथून आम्हाला वर्षाला साठ-सत्तर पिशव्या मिळायच्या.